पाचशे बायकांना विचारलेले प्रश्न

इंग्लंडमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी बायकांना तिथल्या गोऱ्या बायकांपेक्षा स्तनाचा कर्करोग कमी होतो, हे तिथल्या डॉक्टरांना बरीच वर्षे माहीत होते. असे का, यावर तर्क पुष्कळ झाले. आनुवंशिक संरक्षण असेल, खाण्यापिण्यातले काही असेल, बायका तपासणीलाच येत नसतील. २०१४ साली ब्रिटनमधल्या ‘मिलियन विमेन स्टडी’ या प्रचंड पाहणीने याचा हिशेब मांडला. त्यात दहा लाखांहून अधिक गोऱ्या आणि सुमारे सहा हजार दक्षिण आशियाई बायकांची तुलना होती. दक्षिण आशियाई बायकांत हा रोग साधारण १८ टक्क्यांनी कमी आढळला. मग संशोधकांनी प्रत्येकीला मुले किती, पहिले मूल कितव्या वर्षी, अंगावर पाजले का आणि किती, दारू घेते का, वजन किती, पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या का, हे सगळे हिशेबात धरले. तसे केल्यावर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ उरलाच नाही.

या यादीतले पहिले प्रश्न, म्हणजे मुलांचे आणि अंगावर पाजण्याचे, एका डॉक्टरबाईंनी इंग्लंडमधल्याच इस्पितळांत १९२० च्या दशकात विचारायला लावले होते. साथरोगशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव आज ठाऊक असते. त्यांच्या हयातीतला उत्तरार्ध मात्र जवळजवळ विस्मरणात गेला. त्यांचे नाव जेनेट लेन-क्लेपॉन.

जेनेट यांचा जन्म १८७७ चा, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या लिंकनशायर परगण्यातल्या बॉस्टन भागातला. (अमेरिकेतल्या प्रसिद्ध बॉस्टनला नाव मिळाले ते याच गावावरून.) घर सुखवस्तू होते, पोटासाठी काम करण्याची गरज नव्हती. तरीही त्या लंडनला गेल्या आणि स्त्रियांसाठी काढलेल्या ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’मध्ये दाखल झाल्या. बाईने डॉक्टर व्हायचे तर तेव्हा लंडनमध्ये दुसरे दार फारसे उघडे नव्हते. आपल्या डॉ. रखमाबाई याच शाळेत शिकून १८९० च्या दशकात मायदेशी परतल्या होत्या. त्यानंतर काही वर्षांतच जेनेट तिथे आल्या.

त्यांनी दोन वाटा एकदम धरल्या. एकीकडे वैद्यकीचे शिक्षण आणि दुसरीकडे शरीरक्रियाशास्त्रातले संशोधन. १९१० पर्यंत त्यांच्याकडे विज्ञानातली आणि वैद्यकातली अशा दोन्ही डॉक्टरेट होत्या. असे पुरुषांतही क्वचितच आढळे.

युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी काम केले ते अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्याबरोबर. ‘हॉर्मोन’ हा शब्द १९०५ मध्ये रूढ केला तो याच स्टार्लिंग यांनी. पुढच्याच वर्षी दोघांचा एक शोधनिबंध रॉयल सोसायटीने छापला. गरोदरपणात स्तनांची वाढ कशामुळे होते, हा त्याचा विषय. सशांच्या माद्यांना गर्भाचा अर्क टोचून त्यांनी ही वाढ घडते का ते पाहिले. गर्भाकडून येणारे एखादे रसायन स्तनग्रंथी वाढवते आणि दूध मात्र रोखून धरते, बाळंतपणात ते रसायन थांबले की दूध सुटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. रसायन नेमके कुठून येते याबाबत ते चुकले. वार, बीजकोश आणि पीयूषिका ग्रंथी यांची कामे पुढच्या पिढ्यांनी उलगडली. पण वार पडल्यावर रोखणारे संप्रेरक उतरते आणि दूध येते, हा गाभा टिकला. पुढे आयुष्यभर ज्या अवयवाशी जेनेट यांचा संबंध राहिला, त्याची ओळख ही अशी प्रयोगशाळेत झाली.

तिथून त्या दुधाकडे वळल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांमागे दीडशेच्या आसपास मुले वर्षाची होण्याआधीच दगावत. गाईच्या दुधातून क्षय येई, हगवण येई. मग दूध उकळून द्यावे का? आपल्याकडे दूध तापवण्यावरून वाद होईल असे कुणाला खरे वाटणार नाही, पण तिथे तो होता. उकळल्याने दुधातले सत्त्व जाते, असे सांगणारे डॉक्टर थोडेथोडके नव्हते. सरकारच्या स्थानिक प्रशासन मंडळासाठी जेनेट यांनी याचा छडा लावायचे ठरवले आणि त्या थेट बर्लिनला पोहोचल्या. तिथे गरीब वस्तीतल्या बाळांसाठी दवाखाने चालत. बाळांचे वजन ठरावीक दिवसांनी करून वहीत लिहून ठेवलेले असे. त्या वह्यांतून त्यांनी सुमारे पाचशे बाळे निवडली, काही उकळलेल्या गाईच्या दुधावर वाढलेली, काही आईच्या दुधावर. अंगावर पिणारी बाळे सरस निघाली.

इथपर्यंत कुणीही आले असते. जेनेट यांनी पुढे दोन शंका काढल्या. हा फरक निव्वळ योगायोगाचा तर नसेल? ते तपासायला त्यांनी चारच वर्षे जुनी एक गणिती कसोटी वापरली. ती गिनेस बिअरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापली होती आणि डॉक्टर मंडळींत ती तेव्हा कुणाला फारशी माहीत नव्हती. दुसरी शंका अधिक मोलाची. बाटलीवरची बाळे अधिक गरीब घरची असली, तर दोष दुधाचा की गरिबीचा? त्यांनी बापाची मिळकत काढून पाहिली आणि त्यामुळे फरक पडलेला नाही याची खात्री करून घेतली. १९१२ च्या या अहवालाला आज साथरोगशास्त्रातल्या अगदी पहिल्या कोहॉर्ट अभ्यासांत गणतात. म्हणजे एकाच काळातल्या माणसांचे दोन गट घ्यायचे आणि त्यांचे पुढे काय झाले ते पाहायचे.

पुढची काही वर्षे त्या सरकारी आरोग्य निरीक्षक होत्या, मग १९१६ ते १९२३ या काळात किंग्ज कॉलेजच्या स्त्रीशाखेतल्या गृहविज्ञान व समाजशास्त्र विभागाच्या डीन. बालसंगोपनावर त्यांनी पुस्तक लिहिले. हे सगळे भरवशाचे, नेटके काम होते. त्यांचे नाव राहिले ते मात्र पुढच्या पाच-सहा वर्षांमुळे.

पहिल्या महायुद्धानंतर साथीचे रोग थोडे मागे हटले आणि कर्करोगाचे आकडे डोळ्यांत भरू लागले. ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाने कर्करोगासाठी समिती नेमली. तिकडे राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागालाही एक कोडे पडले होते. स्तनाच्या कर्करोगाने इंग्लंड आणि हॉलंडमध्ये जितक्या बायका मरत, त्या मानाने इटलीत खूपच कमी मरत. मृत्यूच्या नोंदी तिन्ही देशांत बऱ्यापैकी होत होत्या, त्यामुळे सगळा फरक कारकुनी चुकीचा म्हणून झटकता येत नव्हता. मग उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या लोकांचा वंश वेगळा, हे त्या काळचे आवडते उत्तर पुढे येणारच होते.

मंत्रालयाने स्तनाच्या कर्करोगाचे काम जेनेट यांच्याकडे दिले. आधी त्यांनी शस्त्रक्रियेनंतर बायका किती जगतात याचा धांडोळा घेतला. १९२४ च्या त्या अहवालातून दिसले की सर्जन किती निष्णात आहे यापेक्षा बाई किती लवकर आली, यावर तिचे आयुष्य अधिक अवलंबून असते. गाठ स्तनापुरती असताना आलेल्या बायका आणि काखेपर्यंत रोग पोहोचल्यावर आलेल्या बायका यांच्या पुढच्या आयुष्यात फार मोठे अंतर होते. गाठ दुखत नाही, म्हणून बायका तेव्हाही घरीच थांबत.

दुसरे काम १९२६ चे. रोग होण्याआधी या बायकांच्या आयुष्यात वेगळे काय होते, हा प्रश्न. तसा तो जुनाच. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच मठातल्या जोगिणींत हा रोग फार दिसतो, असे नोंदवले होते. १८४२ मध्ये व्हेरोना शहराच्या मृत्यूनोंदींतून रिगोनी-स्टर्न यांनाही तेच आढळले. पण मठात राहण्याने होते, लग्न न केल्याने होते, की मूल नसण्याने? नोंदवहीतून ते कळत नाही. त्यासाठी बायकांनाच विचारावे लागते.

आणि नुसत्या आजारी बायकांना विचारूनही भागत नाही. समजा, स्तनाचा कर्करोग झालेल्या पाचशे जणींना विचारले आणि त्यांतल्या शंभर जणींना मूल नाही असे कळले. हे प्रमाण जास्त की कमी? इस्पितळात दुसऱ्याच कारणाने आलेल्या, त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या पाचशे जणींना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. आज हे कुणालाही पटेल. १९२६ मध्ये असे कुणी इतक्या पद्धतशीरपणे केलेले नव्हते. जेनेट यांनी लंडन आणि ग्लासगोच्या इस्पितळांतून कर्करोगाच्या सुमारे पाचशे आणि कर्करोग नसलेल्या सुमारे पाचशे बायका घेतल्या. प्रश्नावली लांबलचक होती. काम काय करता, लग्न कितव्या वर्षी झाले, दिवस किती वेळा राहिले, प्रत्येक मुलाला अंगावर किती महिने पाजले, स्तनाला कधी मार लागला का, दूध साठून गळू झाले होते का, घरात आणखी कुणाला कर्करोग होता का.

एका-एका बाईचे हे उत्तर घेणे सोपे नसणार. मुले किती, या प्रश्नात गेलेली मुलेही येतात. पन्नाशीच्या बाईने तिशीत कुणाला किती महिने पाजले ते आठवून सांगायचे. आठवणीत चुका होणारच, पण दोन्ही गटांना सारखेच आठवावे लागत असल्याने तुलना टिकते, हा या पद्धतीचा आधार. (तो पुरता भक्कम नाही. आजारी माणूस आपले पूर्वायुष्य जरा जास्तच खोदतो. या पद्धतीवर आजही हा आक्षेप घेतला जातो.)

उत्तरे जमली तेव्हा चित्र स्पष्ट होते. कर्करोग झालेल्या बायकांची लग्ने उशिरा झालेली, मुले कमी, आणि झालेल्या मुलांना अंगावर पाजण्याचे प्रमाणही कमी. मुले कमी, कारण लग्नच उशिरा, असे तर नाही ना? संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवूड यांनी ती आकडेमोड केली. (मेजर हे त्यांचे नावच, हुद्दा नव्हे.) लग्नाचा काळ हिशेबात धरूनही मुलांच्या संख्येतला फरक शिल्लक राहिला. अमेरिकेत १९३१ मध्ये वेनराइट यांनी त्याच धर्तीची प्रश्नावली तिथल्या बायकांना दिली आणि निष्कर्ष जुळला.

जेनेट यांचे मंत्रालयातले काम पुढे चालू राहिले. १९२८ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या बायकांवर त्यांचा आणखी एक अहवाल आला.

१९२९ मध्ये त्यांनी लग्न केले. वय ५२. नवरा सर एडवर्ड रॉडॉल्फ फोर्बर, आरोग्य मंत्रालयातलेच बडे अधिकारी. ब्रिटनच्या सरकारी नोकरीत लग्न झालेल्या बाईला जागा नव्हती, तो नियम १९४६ पर्यंत चालला. नवरा त्याच खात्यात असल्याने त्याच्या नोकरीला काही झाले नाही, उलट तो पुढे चढतच गेला. जेनेट यांचे संशोधन मात्र त्या वर्षी थांबले. त्यानंतर त्या ३८ वर्षे जगल्या, म्हणजे संशोधनात घालवलेल्या वर्षांपेक्षा जास्त. बायकांच्या लग्नाचे वय विचारून विज्ञानाला नवी वाट देणाऱ्या बाईला स्वतःच्या लग्नासाठी ते विज्ञान सोडावे लागले, याची कुठे वाच्यता झाल्याचे दिसत नाही. नियमच तो होता.

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध याच तुलनेच्या पद्धतीने दाखवला आणि ती पद्धत जगभर गेली. तोवर जेनेट ससेक्सच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लेडी फोर्बर होत्या. १९६७ च्या जुलैमध्ये तिथेच, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत विल्यम हेन्झेल आणि मिनोरू कुरिहारा यांचा जपानी स्थलांतरितांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. राष्ट्रसंघाचे जुने कोडे सोडवायची ही वेगळी युक्ती होती. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार आणि स्तनाचा फार कमी, अमेरिकेत बरोबर उलटे. मग जपान सोडून अमेरिकेत गेलेल्यांचे काय होते? वंश तोच, देश वेगळा. आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण गेलेल्या पिढीतच वाढले होते. स्तनाच्या कर्करोगाने मात्र घाई केली नाही. मोठेपणी जाऊन वसलेल्या बायकांचे प्रमाण जपानच्या जवळच राहिले. ते चढले पुढे, अमेरिकेत जन्मलेल्या मुलींत. हे १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आकड्यांवरून आणखी ठळक झाले. १९९३ च्या एका अभ्यासात चिनी, जपानी आणि फिलिपिनो वंशाच्या अमेरिकी बायकांमध्ये, कुणाच्या किती पिढ्या तिकडे गेल्या यानुसार धोक्यात सहापटीपर्यंत अंतर आढळले. रक्त एकच असून.

स्तनाचा कर्करोग घाई का करत नाही, याचे उत्तर बरेचसे जेनेट यांच्या प्रश्नावलीत आहे. पहिली पाळी आल्यापासून पहिल्या पूर्ण दिवसांच्या गरोदरपणापर्यंत स्तनाच्या पेशी वाढत, विभागत असतात, पण पुरत्या पक्क्या झालेल्या नसतात. गरोदरपण आणि दूध येणे यांनी त्या दूध बनवणाऱ्या पेशींत बदलतात आणि मग त्यांत बिघाड होण्याची शक्यता कमी होते. (ससे टोचताना त्या आणि स्टार्लिंग याच वाढीकडे पाहत होते.) लहानपणी कमी खाल्लेले असले की पाळी उशिरा येते, लग्न लवकर झाले की मूल लवकर होते, आणि मग वर्ष-दोन वर्षे अंगावर पाजले जाते. तिशीत बोट किंवा विमान पकडणाऱ्या बाईच्या सामानात हे सगळे आधीच भरलेले असते. तिच्या मुलीची पेटी वेगळी असते. ती तिकडच्या खाण्यावर उंच वाढते, पाळी लवकर येते, मूल तिशीनंतर.

अंगावर पाजण्याबाबत मात्र जेनेट यांना फार थांबावे लागले. १९७० मध्ये ब्रायन मॅकमॅहन यांनी ग्लॅमॉर्गन, अथेन्स, टोकियो, ताइपेई अशा सात ठिकाणच्या बायकांचा मोठा अभ्यास केला. पहिले मूल जितके लवकर, तितका धोका कमी, हे त्यातून पक्के झाले. पाजण्याचा काही संबंध नाही असाही निर्वाळा त्यात होता, आणि तो तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला. २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची मूळ माहिती एकत्र करून पाहिल्यावर तो बदलला. एकूण बारा महिने अंगावर पाजले की धोका ४.३ टक्क्यांनी उतरतो, आणि प्रत्येक बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी, असे त्यातून निघाले. श्रीमंत आणि गरीब देशांतल्या बायकांत दिसणाऱ्या फरकाचा मोठा वाटा याच दोन गोष्टींचा आहे.

म्हणून कुणी सहा मुले जन्माला घालावीत, असा याचा अर्थ काढायचा नसतो. ज्या काळात धोका कमी होता, त्या काळात बाळंतपणातच मरणाऱ्या बायकांची संख्या विसरता येत नाही. शिवाय हे आकडे समूहाचे आहेत. चार मुलांना पाजलेल्या बाईलाही गाठ होऊ शकते, आणि आई-मावशीला हा रोग तरुणपणी झाला असेल तर आनुवंशिक दोषाचा विचार वेगळा करावा लागतो. इंग्लंडमधल्या दक्षिण आशियाई बायका स्तनांच्या तपासणीला कमी येतात. आपल्याला हा रोग होत नाही, ही समजूत त्यांतल्या काहींच्या मनात असते. संरक्षण रक्तातले नसून आजीच्या राहणीचे होते हे कळल्यावर नातीने त्यावर विसंबण्यात अर्थ उरत नाही.

या स्थलांतराला समुद्र ओलांडावा लागतो असेही नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८० च्या दशकापासून. बार्शी भागातल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी राहिले आहे. मुंबईत त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला केव्हाच मागे टाकले, आणि देशभरात आज बायकांचा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग तोच आहे.

जेनेट लेन-क्लेपॉन यांनी १९२६ च्या अहवालात आपली आकडेवारी तक्त्यांतून तपशीलवार छापली होती. तेव्हाच्या सरकारी अहवालांत तशी पद्धत होती. त्यामुळे २०१० मध्ये दोन संशोधकांना ते तक्ते आणि वेनराइट यांचे तक्ते आजच्या संगणकी पद्धतींनी पुन्हा सोडवता आले. पहिल्या मुलाच्या वेळचे वय, मुलांची संख्या, पाजण्याचा काळ, यांचे जे परिणाम त्यातून निघाले ते आजच्या मोठमोठ्या अभ्यासांतल्या परिणामांशी जुळणारे होते.